डावी बाजू

आमच्या घरात हळू कुणी बोलत नाही. नवा पाहुणा पहिल्या दिवशी बिचकतो. त्याला वाटतं, आत्ताच इथं काहीतरी वाजलंय आणि आपण नेमके मध्ये आलोय. लग्नानंतर माझी बायको आठवडाभर धास्तावून होती. सासूबाई मीठसुद्धा भांडल्यासारखं मागतात, असं तिनं माहेरी सांगितल्याचं पुढं कळलं. आता तीही तसंच मागते. मी पाटोद्याकडच्या एका शाळेत शिकवतो. वर्गात आवाज चढवायची वेळ माझ्यावर येत नाही, तो घरूनच चढवून आणलेला असतो. या सगळ्याचं मूळ एका ट्रकच्या केबिनमध्ये आहे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला.

अण्णा कुठंही गेले, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या बैठकीला, दवाखान्याच्या बाकावर, की डाव्या हाताला भिंत येईल अशी जागा धरतात. माणसं मग आपसूक उजव्या अंगाला बसतात. ही त्यांची हुशारी आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. डाव्या कानाला जाड आवाज कळतात: ढोल, हॉर्न, पुरुषमाणसाचं खाकरणं. बारीक आवाज गळून जातात. नात ‘शेंगा द्या’ म्हणाली की त्यांना ‘एंगा’ ऐकू येतं, साखरेची ‘आखर’ होते. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला तेव्हा डाव्या कानाची रेघ 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरली होती. सततच्या आवाजानं कान जायला लागतो तो बहुतेक तिथूनच, आणि ‘स’, ‘श’ यांचं सळसळणं त्याच टापूत असतं. “कारखान्यात होता का?” डॉक्टरांनी विचारलं. “न्हाई, डायव्हर,” अण्णा म्हणाले, गरजेपेक्षा बरंच मोठ्यानं.

डाव्या पायाचंही तेच. पोटरीवर केस नाहीत आणि कातडीवर जाळीदार तपकिरी डाग आहेत. ते भाजल्याचे नव्हेत. भाजण्याइतकी नसलेली धग वर्षानुवर्षं एकाच जागी लागत राहिली की असे डाग पडतात. आईच्या नडग्यांवरही आहेत, चुलीचे. संध्याकाळी दोघं ओट्यावर पाय पसरून बसले की दोघांचे धंदे पायांवर वाचता येतात.

आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. अण्णांच्या ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या आतच होतं, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणाला सगळे बॉनेट म्हणायचे. अण्णांच्या आधीच्या पिढीचं नशीब जरा बरं होतं. टाटांनी 1954 पासून जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या साथीनं जे ट्रक काढले, ते लांब नाकाचे. इंजिन नाकात आणि माणूस त्याच्या मागं. पुढं नाकं आखूड होत गेली, कारण तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा मोठा बसतो आणि माल जास्त जातो. हिशोब सरळ आहे. मालाला जागा झाली आणि इंजिन सरकत सरकत माणसाच्या मांडीशी येऊन बसलं. शिवाय कितीतरी ट्रक कारखान्यातून केबिनशिवायच निघत. चासी, इंजिन आणि पुढचा चेहरा एवढंच. केबिन बांधायचे बाहेरचे सुतार आणि पत्राकाम करणारे. त्यात आरसे असत, झालरी असत, लिंबू-मिरची असे, छोटं देवघर असे. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये मात्र एक पत्रा.

आमच्या बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. जिल्ह्यात परळीला ती कधीपासूनच आहे, पण बीडकरांसाठी तोवर सिमेंटपासून सलाइनच्या बाटलीपर्यंत सगळं टायरवरूनच आलं. माणसंही. त्यामुळं डिझेल इंजिनाचा आवाज आमच्याकडं कुणी आवाजात धरतच नाही. ऊन जसं असतं तसा तो असतो.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिच्या ढोबळ तीन वाटण्या होतात. एक वाटा चाकाला मिळतो, एक रेडिएटरच्या पाण्यात जातो, एक धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर. पाणी 90 अंशांच्या आसपास असतं. धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड चढावर 400-500 अंशांपर्यंत तापतो. आमच्याकडं शेताच्या वाटणीत तीन भावांची नावं लागतात आणि बहिणीचं नाव कागदावर नसतं, तसं इथं ड्रायव्हरचं नाव नसतं. फरक एवढाच की ड्रायव्हरला त्याचा हिस्सा न मागता मिळतो.

मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीच्या वर जातो. भरलेला ट्रक घेऊन पाली ओलांडून मांजरसुंब्याचा घाट चढायचा म्हणजे गाडी सावकाश आणि इंजिन जिवाच्या आकांतानं. सपाटीवर निदान खिडकीतून वारा लागतो, घाटात तोही नाही. क्लीनर पाण्यानं निथळणारं पोतं बॉनेटवर टाकायचा. पालीला टाकलेलं पोतं घाटमाथ्यावर कडकडीत वाळलेलं असायचं. आरशाच्या दांडीला कॅनव्हासची छागल लटकलेली असे. तिच्या अंगातून पाणी झिरपायचं, वाऱ्यावर उडायचं, आणि आतलं पाणी गार व्हायचं. त्या ट्रकमधली एकुलती एक गार गोष्ट अशी ट्रकच्या बाहेर होती.

आईनं बॉनेटसाठी वाकळ शिवली होती. जुनी लुगडी, अण्णांची फाटकी धोतरं, एक शाळेचा गणवेश (माझाच), असे सात-आठ थर, वर दाट धावदोरा. आईला कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं. धग कापड अडवत नाही, कापडांच्या मध्ये अडकून पडलेली हवा अडवते. हवा हलली की उष्णता वाहून नेते, कोंडली की तीच भिंत होते. गावाकडच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात हे काम पांढरी माती करायची. लाकडी फळ्यांवर दोन हात मातीचा थर. दुपारचं ऊन त्यातून खाली उतरेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. पुढं माळवद गळायला लागलं, ते काढून पत्रे टाकले. आता घरातही ट्रकसारखंच तापतं, आणि पाऊस आला की कुणालाच काही ऐकू येत नाही.

पण बॉनेटची ही धग मला आठवते ती उन्हाळ्यातली नाही. अण्णांचा मालक दसरा झाला की ट्रक ऊसवाहतुकीला लावायचा. पहिली खेप उसाची नसायची, माणसांची असायची. बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांतून टोळ्या उचलायच्या आणि खाली सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर नेऊन सोडायच्या. मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या, म्हणजे कोयते. हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, माणसं दोन आणि मोजणी एक. हौद्यात खोपीचे पत्रे, ज्वारीची पोती, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे, म्हातारी माणसं, पोरं. आणि केबिनमध्ये लेकुरवाळ्या बाया. मी नऊ-दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत दोनदा त्या खेपेला गेलोय. रात्री घाटावर अशी थंडी पडायची की हौद्यातली माणसं ताडपत्रीखाली एकमेकांना चिकटून बसायची. तेव्हा केबिनमधली सगळ्यात मानाची जागा म्हणजे बॉनेट. वाकळ अंथरून त्यावर तान्ही पोरं आडवी ठेवायची, पावाच्या भट्टीत पाव ठेवतात तशी ओळीनं. एकदा तीन होती आणि कडेला मी. खालून ऊब, आणि कानाखाली तो प्रचंड आवाज. एवढी गाढ झोप मला नंतर कधी लागली नाही. जाग यायची ती अण्णांनी चहासाठी गाडी बंद केली की. इंजिन थांबलं रे थांबलं की तिन्ही पोरं एकदम रडायला लागायची. अण्णा चहा अर्धा टाकून परत गाडी चालू करायचे.

त्या पोरांच्या कानांचं पुढं काय झालं, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. माझ्याही नाही. जगभरात साधारण मान्य झालेलं गणित असं की 85 डेसिबलच्या आवाजात माणसानं दिवसाला आठ तास काम करावं, त्यावर नाही; आणि पुढं आवाज 3 डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांची ही मर्यादा 90 धरली आहे. मर्यादा कुठलीही धरा, ट्रकची केबिन हा कारखाना नसतो, त्यामुळं तिथं मोजायला कुणी येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एक जुनी डिझेल जीप घेतली. शाळेला जायला-यायला, आणि थोडी हौस म्हणून. पहिल्याच आठवड्यात माझा डावा पाय अण्णांच्या पायासारखा वाटायला लागला. मग मी शहाण्यासारखं वाचन केलं, पुण्याहून भारी किमतीच्या शीट मागवल्या. एका अंगाला काळं चिकट रबर, दुसऱ्या अंगाला चंदेरी पत्री. ती गुंडाळी घेऊन बार्शी नाक्यावर गेलो. तिथं एक साठी ओलांडलेले मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गुंडाळी हातात घेतली, वजन पाहिलं आणि बाजूला टायरवर ठेवून दिली.

“सर, हे मी आत्ता मारून देतो, पैसेबी घेतो. पण आवाज जायचा नाही.”

“का?”

“आधी येतो कुठून ते तर बघा.”

त्यांनी गाडी चालू करायला लावली. लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या एकेका ठिकाणी टेकवून मूठ कानाशी धरली, डॉक्टर नळी लावतात तशी. मग खाली वाकून म्हणाले, “फाउंडेशन गेलंय.” इंजिन चासीवर ज्या रबरांवर बसतं त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. माझ्या गाडीतली ती रबरं तडकून दगड झाली होती. म्हणजे इंजिन चासीवर बसलेलं नव्हतं, ठोकल्यासारखं होतं. त्याचा प्रत्येक झटका थेट पत्र्यात उतरत होता आणि अख्खी गाडी ताशासारखी वाजत होती. सायलेन्सरच्या जोडावरचं पॅकिंगही जळालं होतं. या दोन गोष्टींना माझ्या शीटच्या पाव किंमतसुद्धा लागली नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी अंधार पडल्यावर दाखवली. पोऱ्याला सांगून इंजिनापाशी पिवळा बल्ब सोडला, वरचं झाकण लावलं आणि मला आत बसवून म्हणाले, “आता पायाखाली बघा.” क्लचच्या दांड्याभोवती उजेड, ब्रेकच्या दांड्याभोवती उजेड, वायरी जिथून आत येतात तिथं उजेड, गिअरच्या फाटक्या रबरी बुटातून तर लख्ख झोत. मी मोजली, चौदा भोकं. “जितून उजेड, तितून आवाज,” चाचा म्हणाले. “धगबी तितूनच.”

हे मी नंतर गणितानं ताडून पाहिलं. भिंतीच्या शंभर भागांतला एक भाग उघडा राहिला, तर उरलेल्या नव्व्याण्णव भागांना तुम्ही हातभर जाड शिसं लावा, अडवणूक 20 डेसिबलच्या पुढं जात नाही. जाडी वाढवून भागतही नाही. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर पदरात जेमतेम 6 डेसिबल पडतात. आणि मी चौदा भोकांवर भारी शीट मारायला निघालो होतो. लग्नघरात दार लावून घ्यायचं, खिडकी उघडी ठेवायची आणि बँडवाल्याला शिव्या द्यायच्या, त्यातली गत.

भोकं बुजली, मग शीटची पाळी आली. चाचांनी ती सगळीकडं मारली नाही, मला ती कंजुषी वाटली. त्यांनी पाण्याची रिकामी घागर मागवली आणि टिचकी मारली. नाद झाला. मग घागरीवर एका जागी तळहात ठेवला, पुन्हा टिचकी मारली. ठप. “हात सगळ्या घागरीला लावला का?” काळ्या रबराचं काम एवढंच: पत्र्याच्या मध्यावर हात ठेवल्यासारखं बसायचं, त्याला वाजू द्यायचं नाही. जो आवाज हवेतून येतो त्याला हे रबर अडवत नाही. तो गिळायला वरून नमदा लागतो. नमद्याच्या दाट केसांत आवाज शिरतो, आपटत आपटत थकतो आणि आतच विरतो. नमदा त्यांनी मोंढ्यातून आणला, वारावर. तो माझ्या यादीत नव्हताच.

चंदेरी पत्रीवरून मात्र आमची हुज्जत झाली. मला ती पत्र्याला सपाट चिकटवायची होती, दिसायला छान दिसते. चाचांनी इंजिनाच्या बाजूनं, पत्र्यापासून बोटभर अंतर सोडून, वॉशरवर टांगली. “चिकटवली तर पत्रा तापल, पत्री तापल, धग आत. तव्याला चिकटवली की तिचाबी तवाच होतो. लांब धरली तर आरसा.” तापलेल्या मॅनिफोल्डची धग उन्हासारखी सरळ रेषेत येते, पत्री ती परतवते, पण तिच्या पाठीमागं हवा हवी. आईच्या वाकळेतली तीच हवा.

जाता जाता त्यांनी काही गोष्टी बजावल्या. स्वस्तातली डांबरी शीट इंजिनाजवळ मारू नका, मे महिन्यात गाडीत नव्या रस्त्याचा वास येईल. फोम इंजिनाकडं नको, त्यात डिझेल मुरलं की त्याची वात होते. पावसाळ्यात पायाखालचा नमदा ओला झाला तर उचलून उन्हात टाका, नाहीतर खालचा पत्रा दोन वर्षांत चाळणी होईल. हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नव्हतं.

गाडी वीस-बावीस किलोंनी जड झाली. फोनवरच्या मोजणीला सोनाराच्या काट्याची सर नसते, पण आकडा सात-आठ डेसिबलनं उतरला. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे मी निम्म्याच्या अलीकडं पोचलो. डावा पाय पहिल्या दिवशीच म्हणाला, झालं.

मग अण्णांना घेऊन पाटोद्याकडं निघालो. ते क्लीनरच्या बाजूला बसले, आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाच्या डाव्या अंगाला. बीड सोडलं आणि ते बोलायला लागले. नेहमीसारखं, म्हणजे ट्रकमधल्या क्लीनरशी बोलायचे तसं. घरात त्या आवाजाची सवय आहे, ओट्यावर तो चालून जातो. पण त्या बंद, मऊ झालेल्या केबिनमध्ये अण्णांचा आवाज माझ्या कानाच्या पडद्यावर आदळायला लागला. मी हळू बोलून पाहिलं, म्हणजे तेही हळू बोलतील. ते थांबले. माझ्याकडं बघत राहिले.

“काऊन पुटपुटतो? गाडी बंद पडली का?”

“चालू आहे अण्णा.”

त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. मग गिअरच्या दांड्यावर, माझ्या हातावरून. थरथर लागली तेव्हा हात काढला. घाट लागला तसे ते पुन्हा गप्प झाले. मला माहीत होतं, ते आवाज शोधत होते. घाटात कधी गिअर टाकायचा ते त्यांना कानानं कळायचं. पट्टा सैल झालाय, टॅपेट वाजतंय, बेअरिंग जाणार आहे, हे सगळं ते आवाजावरून सांगायचे आणि ते खरं निघायचं. ड्रायव्हर गाडीशी बोलतो, इंजिनाला स्वतःचं गाणं असतं, असं लिहिणारे लोक मला भेटलेत. एका कार्यक्रमात मीही तसं बोललोय, टाळ्याही घेतल्यात. ते गाणं ऐकायची फी एक कान होती. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी टॅपेट कुणा मिस्त्रीकडून तपासून घेतला असता आणि कान ठेवून घेतला असता.

मांजरसुंब्यावरून पाटोद्याच्या रस्त्याला लागलो. या बाजूला नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे. ढग आले होते, मी माझ्या बाजूची काच खाली केली. नमदा चांगला आणि वाईट आवाज निवडत बसत नाही, काच वर असती तर मोरही बाहेरच राहिला असता. दोनदा केकारव आला. अण्णांचा उजवा, चांगला कान माझ्या बाजूला होता.

“मोर हाय,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “ह्या रस्त्यानं किती खेपा केल्या. मोर कवा ऐकला न्हाई.” मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी काच लावायला सांगितली, धूळ येतीय म्हणून.

2025 मध्ये खंडेनवमी 1 ऑक्टोबरला आली. गाड्या धुऊन, हळदी-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पुजायचा दिवस. सप्टेंबरच्या पावसानं मराठवाड्याची जी दैना केली होती त्यात झेंडूही सडला होता, तरी गाड्या पुजल्या गेल्या. त्याच वर्षी एक सरकारी नियम लागू झाला. डिसेंबर 2023 मध्येच त्याची अधिसूचना निघाली होती: नव्या बनणाऱ्या, साडेतीन टनांच्या वरच्या प्रत्येक मालवाहू गाडीला वातानुकूलित केबिन असलीच पाहिजे. मी पेपरातली बातमी अण्णांना वाचून दाखवली, उजव्या बाजूला बसून. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

“जुन्या गाड्यांचं?”

“जुन्यांना नाही. नव्या बनतील त्यांना.”

“आन् एसीचं डिझेल कुणाच्या खिशातून?”

याचं उत्तर बातमीत नव्हतं. एसी गाडीत असणं आणि मालकानं तो लावू देणं यातलं अंतर अण्णांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण एक मी त्यांना सांगितलं: एसीची केबिन करायची तर कंपनीला भोकं बुजवावी लागतात, पत्र्याला अस्तर द्यावं लागतं, दारांना रबर लावावं लागतं, नाहीतर गारवा टिकणार नाही. म्हणजे एसी बंद ठेवला तरी आवाज आणि धग काही तरी कमी होणारच. हे त्यांना पटलं. “मंग बरंय,” म्हणाले.

ऊस आता बराचसा ट्रकनं जातही नाही, ट्रॅक्टरनं जातो, मागं दोन-दोन ट्रॉल्या. टोळ्याही त्यातूनच जातात. ट्रॅक्टरच्या पुढच्या रेडिएटरचा पंखा इंजिनावरची गरम हवा मागं फेकतो, ती सरळ ड्रायव्हरच्या अंगावर. सायलेन्सर डोळ्यांसमोर उभा. पायांच्या मधून गिअरबॉक्स. त्यावर पोरं मोठाले स्पीकर बसवतात आणि रात्रभर गाणी लावतात, झोप येऊ नये म्हणून, आवाजावर आवाज. केबिनचा नियम त्यांना लागत नाही. केबिनवाले ट्रॅक्टर निघतात, पण उसाच्या फडात मी अजून पाहिला नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा यंदा पहिल्यांदा ट्रॅक्टर घेऊन चाललाय, साताऱ्याकडं कुठंतरी. एकवीस-बावीस वर्षांचा असेल. परवा आला आणि विचारलं, सर, तुमच्या जीपचं काही उरलंय का? सव्वा वार नमदा आणि पत्रीचा एक तुकडा माळ्यावर पडला होता. मी काढून आणला. अण्णांनी ओट्यावर बसूनच कात्री मागवली, नमदा मांडीवर पसरला, आणि पोराला आपल्या उजव्या बाजूला बसवून घेतलं.

“कोणता पाय भाजतो रं तुजा?” त्यांनी ओरडून विचारलं.

“दोन्ही,” तोही ओरडून म्हणाला.

नमदा एका बाजूलाच पुरला. दुसऱ्या बाजूसाठी उद्या शाळा सुटल्यावर मोंढ्यात जायचंय. टोळी रविवारी निघणार आहे.